कथलाचा डाख

आमच्या घरी रोज रसम असे, पण त्यात डाळ क्वचित असे. चिंचेचं पाणी, मीठ, कुटलेली मिरी आणि परसातल्या झाडाचा कढीपत्ता, एवढ्यावर आई पाच माणसांचा भात ओला करी. तरी त्या रसमाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई, कारण ते ईयचोंबूत उकळलेलं असे. ईयचोंबू म्हणजे निव्वळ कथलाचा तांब्या. कुंभकोणात तो नसलेलं घर मी पाहिलेलं नाही. कथलात उकळल्याशिवाय रसमाला चव येत नाही असं तिकडे सगळे मानतात आणि मीही मानतो. या तांब्याचा एकच नियम, आणि तो आमच्याकडे मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं: आधी पाणी, मग चूल. रिकामा तांब्या विस्तवावर ठेवला तर कथील वितळून जातं. सहा वर्षांचा असताना आईला मदत करायच्या हौसेनं मी तो कोरडाच चुलीवर ठेवला होता. बघता बघता त्याची कंबर खचली, बूड निखाऱ्यांत ओघळलं. आईनं मारलं नाही. त्या दिवशी भात मिठाबरोबर खाल्ला, बस. संध्याकाळी अप्पांनी राखेतून कथलाचे मणी वेचले, पुन्हा ओतले आणि ठोकून नवा तांब्या केला. म्हणाले, "कथील मरत नाही रे. माणसानं तेवढं शिकावं."

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव तुकोजी. आम्ही तंजावरकडचे मराठे, जातीनं तांबट. आमचे पूर्वज राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली भांडी घडवत. राज्य खालसा झालं तसा मुदपाकखाना विझला आणि माझे पणजोबा एक हातोडी, एक भाता आणि एक पोलादी ठसा घेऊन कुंभकोणात आले. ठशावर चंद्रकोर आणि तिच्या पोटात तीन टिंबं. वाड्यात जे भांडं या ठशाचं असे ते पुन्हा तपासत नसत, असं अप्पा सांगत. त्यांच्या हयातीत वाडा नव्हता, पण ठसा होता आणि बाजारात त्याला मान होता. अप्पा भांडं हातात घेत, बोटाच्या पेरानं वाजवत आणि कान लावत. कुठे बारीक चीर असली तरी त्यांना ऐकू येई. आमच्या गल्लीत पहाटेपासून दहा-बारा घरांतून ठोकण्याचा आवाज चाले, पण आमच्या घरचा ठोका मी झोपेतही ओळखत असे. माझी मराठी ऐकून पुण्याकडचे लोक अजून हसतात, की आजोबा, ही कुठल्या बखरीतली भाषा. असू दे. ती त्या ठोक्यांत शिकलेली आहे.

अप्पांनी मला भात्याजवळ बसू दिलं नाही. चौथीत पहिला आलो तेव्हाच त्यांनी आईला सांगून टाकलं, "याचे हात शाईचे. याला राखेत घालायचा नाही." कथलाचं सोपं काम, भोकं बुजवणं, कल्हई, एवढं मी खेळता खेळता शिकलो होतो. पितळी डाख, म्हणजे पितळ वितळवून दिलेला जोड, मात्र कधी शिकलो नाही. त्याला टाकणखार लागतो, भाता अखंड चालवणारा दुसरा माणूस लागतो, आणि धातू नेमका कुठल्या रंगाला आला म्हणजे थांबायचं हे डोळ्यांना कळावं लागतं. मी कॉलेजात गेलो. फी पट्टीश्वरमचे थोरले मिरासदार भरत, कारण त्यांच्या घरची लग्नाकार्याची भांडी अप्पांच्या हातची होती. कॉलेजात माझ्यापाशी एकच पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, होती. रात्री धुवायची, सकाळी नेसायची. त्या वेष्टीवर डाग पडू नये ही त्या काळातली माझी सर्वांत मोठी चिंता होती, अभ्यासापेक्षाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या वेष्टीपासून सुरू झालं.

थोरल्या मिरासदारांचा एकुलता एक मुलगा. त्याला सगळे चिन्न ऐया म्हणत, म्हणजे धाकटे मालक. त्यानं एका मळेवाल्या साहेबाकडून दोन माणसांची, बुटकी, हिरवी शर्यतीची मोटार विकत घेतली होती. तिरुच्चीला गोऱ्यांच्या एका क्लबाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. वर्षातून एकदा, नाताळच्या सुमारास, त्या मातीच्या गोल वाटेवर मोटारी पळत. आदल्या वर्षी चिन्न ऐया तिसरा आला होता. पण त्याच्या मनात तिसरा नंबर राहिला नव्हता, साहेबांचं हसणं राहिलं होतं. त्यांच्या मोटारी गर्जत, याची कुरकुरे. एका मडमेनं विचारलं होतं म्हणे, की हे शिवणयंत्र कुणाचं.

एका सकाळी तो आमच्या अंगणात आला. हातात विलायती मालाचं चित्रांचं पुस्तक. त्यातल्या एका पानावर धुराचा नळ होता, आवाज दाबणाऱ्या डब्याशिवायचा, शेवटाकडे रुंद होत गेलेला.

"तुकोजीराव, हा मागवला तर बोटीनं यायला तीन महिने. तुम्ही तांब्याचा करून द्याल?"

अप्पांनी चित्र लांब धरून पाहिलं. "याला तोंड आहे नागस्वरासारखं. आवाज काढायचाय की धूर?"

"दोन्ही."

"धूर मी काढतो. आवाज तुमचा तुम्ही सांभाळा, ऐया. लग्नात वाजला तर नवरदेव पळेल."

चिन्न ऐया मनापासून हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तंबी, तू इंग्रजी वाचून यांना मापं समजाव. आणि गाडीखालची मापं तूच घेऊन ये."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला केवढा अभिमान वाटला. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. दुसऱ्या दिवशी पट्टीश्वरमला गेलो, आणि गाडीखाली चिखल होता. मी ओणवा झालो, सुतळी लांब केली, मागच्या चाकाजवळचं अंतर नजरेनं ठरवलं आणि कागदावर लिहिलं. परत आल्यावर अप्पांनी विचारलं, "खाली पडून मापलंस ना?" मी होय म्हटलं. वेष्टी पांढरीच होती. त्यांनी ती पाहिली असणार, पण माझ्या शब्दापुढे त्यांनी ती मोजली नाही.

चार दिवस तो नळ घडत होता. तांब्याचा पत्रा, त्याची लांब शिवण, शिवणीवर पितळी डाख. आई भाता चालवी, अप्पा चिमट्यानं नळ फिरवीत, आणि टाकणखार फुगून काचेसारखा पसरला की आतलं पितळ एकदम पाण्यासारखं धावे. मी दारात पुस्तक घेऊन बसे. शेवटी त्यांनी इंजिनाकडच्या टोकाला ठसा मारला, चंद्रकोर आणि तीन टिंबं. नळ उचलून तोंडाशी धरला आणि फुंकला. असा रुंद, खोल आवाज आला की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन विचारती झाली, कुणाकडे मयत झालीय का; तिकडे मयताला शंख फुंकतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा तिरुविसनल्लूरला गेले. तिथल्या मठाचा तमिळ कार्तिकातला, म्हणजे डिसेंबरातला, उत्सव होता. अमावास्येला तिथल्या विहिरीत गंगा येते म्हणून स्नानाला हजारो माणूस लोटतं आणि सगळ्यांना जेवण असतं. त्या जेवणाच्या मोठ्या कढया अप्पा दरवर्षी कल्हई करून देत. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. वर्षभराचं काम पोटाचं, ते दोन दिवस देवाचे, असा त्यांचा हिशेब. ते गेले आणि दुपारी चिन्न ऐया गाडी घेऊन दारात आला. नळ लावून पाहिला तर मागचं टोक चाकाजवळच्या कमानीवर आपटत होतं. मी नजरेनं ठरवलेलं अंतर चार बोटं चुकलं होतं. नळ मध्ये कापून जरा बाहेर वळवायला आणि पुन्हा जोडायला हवा होता.

"मला उद्या सकाळी पाहिजे," चिन्न ऐया म्हणाला. "परवा तिरुच्ची. तंबी, तू मात्र हात लावू नकोस. तू कॉलेजवाला. बापाच्या हातचं आण."

मी शेजारच्याची सायकल मागून घेतली, नळ खांद्याला बांधला आणि निघालो. रस्ता दोन-अडीच कोसांचा, पावसानं भिजलेला. मठाच्या गल्लीत ओल्या वस्त्रांची गर्दी. मागच्या आवारात कढया ओळीनं लावलेल्या, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या कढईत माझे अप्पा उभे होते. कल्हईच्या आधी भांडं घासायची आमची रीत अशी, की आत वाळू आणि काथ्या टाकून त्यावर उभं राहायचं, भिंतीला हात टेकायचे आणि कमरेतून इकडे तिकडे गरगर वळायचं. पाय घासतात, अंग नाचतं. अप्पा फक्त लंगोटीवर होते, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत काळे. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीचं.

तेवढ्यात कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. वैद्यनाथन, माझ्या वर्गातला, वकिलाचा मुलगा, नुकताच स्नान करून आलेला. तो आत बघून हसत होता. "बघ रे, कढईत नाच चाललाय. मृदंग तेवढा कमी आहे." मग खांद्यावरचा नळ पाहून म्हणाला, "आणि हे काय? त्याच्याकडे काम आहे तुझं? ओळखतोस त्याला?"

मी म्हटलं, "नाही. गावात द्यायचंय एकाला."

आणि सायकल वळवली. एवढंच. आज नव्वदीच्या जवळ येऊन हे वाक्य लिहितो आहे, आणि लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. अप्पांनी त्या वेळी मान वर केली की नाही, ते मी पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं.

घरी आलो. आई देवळात गेली होती. भाता मला एकट्याला चालवता येत नव्हता, आणि येत असता तरी पितळी डाख मला येत नव्हता. कथील येत होतं. आता कुणी विचारेल, की ज्यानं सहाव्या वर्षी ईयचोंबू वितळवला त्याला हे कळू नये? कळत होतं. पण मी पदार्थविज्ञान शिकत होतो. कथील किती उष्णतेला वितळतं ते मला आकड्यानिशी पाठ होतं. मी मनाशी असं मांडलं, की जोड इंजिनापासून हातभर लांब आहे, गाडीच्या बाहेर आहे, आणि गाडी जितकी जोरात पळेल तितका वारा त्याला थंड ठेवील. वहीच्या मागच्या पानावर गणितही केलं. आलेलं उत्तर मला हवं तेच होतं. नवसागर लावून, तापल्या लोखंडानं कथील पसरून मी जोड बसवला. तो पांढरा दिसत होता, म्हणून त्यावर दिव्याची काजळी फासली. सकाळी चिन्न ऐयाला सांगितलं, "अप्पांनी करून दिलं."

त्यानं मला शेजारी बसवून दारासुरमपर्यंत फेरी मारली. तो आवाज काय सांगू. छातीच्या फासळ्यांत घुसे. दारासुरमच्या गल्लीत माग थांबले, रेशमाची लड हातात घेतलेले विणकर ओट्यावर आले, आणि एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे, पोट बिघडलंय का तुझ्या गाडीचं? सुंठ दे तिला." चिन्न ऐया खूश. मी उतरून जोडाला हात लावून पाहिला. गरम होता, पण धरून होता. पदार्थविज्ञान बरोबर निघालं असं मला वाटलं. मैलभर रस्त्यानं निघालेलं ते उत्तर होतं, हे मला सुचलं नाही.

तिरुच्चीला मी कुंपणाबाहेर, आपल्या लोकांच्या गर्दीत उभा होतो. पहिल्या फेरीत हिरवी गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा पलीकडच्या शामियान्यातल्या साहेबांनी माना वळवल्या. यंदा कुणी हसलं नाही. दुसऱ्या फेरीत ती दुसरी होती. तिसऱ्या फेरीत तिचा आवाज बदलला. अप्पांच्या घरात वाढल्यामुळे फुटक्या भांड्याचा आवाज मला कळतो. गर्दी ओरडत होती आणि मला एकट्याला ऐकू येत होतं, की जोड सुटतोय. मग मागचा नळ मातीत आपटला, उड्या मारत कुंपणाशी आला, आणि कापलेल्या तोंडातली आग थेट गाडीच्या लाकडी तळाला लागली. चिन्न ऐयानं गाडी थांबवली आणि उडी टाकली. पायाची पोटरी गुडघ्यापर्यंत भाजली होती. जीव वाचला. शामियान्यात आधी शांतता होती. माणूस उभा राहिला असं पाहिल्यावर मात्र कुणीतरी हसलं, आणि मग बरेच हसले.

नळ मी उचलून गाडीपाशी नेला. तोंडाच्या कडेला कथलाचे थेंब गोठले होते, बारीक, चमकदार, मण्यांसारखे. तेव्हा बोलता आलं असतं. परतीच्या आगगाडीत चिन्न ऐयाशी बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

तीन दिवसांनी चिन्न ऐया पायाला पट्टी बांधून, नोकराच्या खांद्यावर हात ठेवून आमच्या अंगणात आला. नळाचे दोन्ही तुकडे त्यानं अप्पांपुढे टाकले. गल्लीतले ठोके एकेक करून थांबले.

"हाच का राजवाड्याचा डाख, तुकोजीराव? तुमच्या ठशावर मी जीव ठेवला होता."

अप्पांनी तुकडा उचलला. बोटाच्या पेरानं तोंडाची कडा चाचपली. काजळी पुसली. खालचं पांढरं कथील त्यांना दिसलं. आमच्या गल्लीत कुठल्याही पोराला ते ओळखता आलं असतं. त्यांनी डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा होतो, हातात पुस्तक. माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते लपवून आता काय मिळवू? शेवटच्या वर्षाची फी होती.

"ठसा माझा आहे, ऐया," अप्पा म्हणाले. "म्हणजे डाखही माझाच. चुकलं."

चिन्न ऐया वळला. मग जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा यात दोष नाही, तंबी. तू शीक." तो माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी रसम उकळत होतं. अप्पा जेवायला बसले, मी समोर. त्यांनी भात कालवला. मग त्यांनी विचारलं, "वारा लागून थंड राहील असं वाटलं होय तुला?"

मी मान हलवली.

"मग भात्यातनं काय येतं रे?"

आजही वाटतं की परीक्षेत इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नाही. आईनं काही न कळल्यासारखं करून त्यांना आणखी रसम वाढलं. हात धुवायला उठताना अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मठात आला होतास त्या दिवशी. खांद्याला नळ होता. मला वाटलं, गर्दीत वाट मिळाली नसेल तुला."

त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. मीही नाही. बाजारात मात्र गोष्ट फिरली, की तुकोजीचा डाख सुटतो. नवं भांडं घडवायला कुणी येईना. ते झोळी आणि भाता घेऊन पट्टीश्वरमच्या बाजूच्या खेड्यांतून दारोदार जुन्या भांड्यांना कल्हई करत फिरू लागले. ठसा त्यांनी फडक्यात बांधून देवांच्या मागे ठेवला. पुढच्या कार्तिकात मठातून नेहमीप्रमाणे बोलावणं आलं. ते गेले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "अस्के गाव, झाडून सगळे, जेवतात त्या कढईत. ज्याचा डाख सुटला त्यानं देवाच्या भांड्याला हात लावू नये." मी आतल्या खोलीत अभ्यास करत होतो. दार उघडं होतं. उठून चार पावलं चालत जाऊन खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी पान उलटलं.

आता आमच्या मद्रासच्या गल्लीतून संध्याकाळी पोरं मोटारसायकली घेऊन जातात, नळ बदललेले, आवाज वाढवलेला. शेजारी चिडतात, पोलिसांना फोन करतात. मी खिडकीत उभा राहून ऐकतो. सून म्हणते, मामा, तुम्हाला त्रास होत नाही का या आवाजाचा. होतो. पण मी चिडून ऐकत नाही. सवयीनं जोड ऐकतो, धरलाय की सुटतोय. तिला मी हे कधी सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

निकाल आला तेव्हा अप्पा खेड्यावरून नुकतेच परतले होते, हातपाय राखेनं भरलेले. मी वर्तमानपत्र घेऊन अंगणात आलो. आमच्याकडे आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्या नावाआधी लावतात. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं: हे माझं नाव, आणि त्याच्या आधीचं हे एकटं अक्षर तुमचं. त्यांनी हात धोतराला पुसले, दोनदा पुसले, तरी कागदाला लावले नाहीत. वाकून त्या अक्षराकडे बघत राहिले. मग विचारलं, "हे कायम राहतं?"

मी म्हटलं, "राहतं, अप्पा."

अशा रीतीनं टी. गोविंदराव दुसऱ्या वर्गात बी.ए. झाला. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी शाळाही पुरी केली नव्हती.